क्लायंटकडून मजकूर-फोटो गोळा करायला गूगल ड्राइव्ह: आठ महिन्यांचा अनुभव

"कंटेंट पुढच्या आठवड्यात देतो" हे ऐकून कान किटले होते. नाशकात कॉलेज रोडला बसून एकटाच वेबसाइटी करतो. गिऱ्हाईक म्हणजे अंबडचे कारखानदार, दिंडोरीचे द्राक्षवाले, पंचवटीतले लॉजवाले. डिझाइन दहा दिवसांत होतं, मजकूर तीन महिने येत नाही. शेवटी ठरवलं: प्रत्येक कामाला ड्राइव्हवर एक फोल्डर, साइटच्या प्रत्येक पानाला एक गूगल डॉक.

सुरुवातीला गूगल फॉर्म करून पाहिला. त्यात फाइल अपलोड ठेवलं की भरणाऱ्याला लॉगिन करावंच लागतं. इकडे मालकाचा पासवर्ड मुलाला माहीत, मुलगा पुण्यात. फॉर्म सोडला.

डॉक मात्र जमला, पण कोरा दिला तर नाही. "तुमच्याबद्दल लिहा" म्हटलं की हमखास "ग्राहकांचा विश्वास हेच आमचे भांडवल" येतं. आता मी प्रश्न लिहून देतो: मशिनी कोणत्या, सगळ्यात जड जॉब किती वजनाचा, माल जातो कुठे? एका फॅब्रिकेशनवाल्या दादांनी एवढंच लिहिलं, "५ टनी क्रेन आहे, शेडमध्ये ट्रेलर आत येतो." तेच पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात घेतलं.

डॉकच्या व्हर्जन हिस्टरीचा, म्हणजे बदलांच्या नोंदीचा, उपयोग अनपेक्षित ठिकाणी झाला. दोन भावांची भागीदारी. एकाने रात्री दर टाकले, दुसऱ्याने सकाळी खोडले. कोणी, कधी, सगळं दिसतं. भांडण माझ्या टेबलावर आलंच नाही.

फोटोंचा धडा महागात शिकलो. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये फाइल टाकली तरी ती टाकणाऱ्याच्याच मालकीची राहते आणि त्याच्याच फुकटच्या १५ जीबीत मोजली जाते. त्याच १५ जीबीत त्याचं जीमेलही असतं. एका क्लायंटची जागा भरली, त्याने साफसफाई केली आणि माझ्या फोल्डरातून बागेचे सगळे फोटो गायब. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात म्हणून वाचलो. आता फाइल आली की आधी माझी कॉपी.

काही दुखणी ड्राइव्हच्या हातातली नाहीत. पंचवटीच्या काकांनी छापखान्यातून पत्रकाची फाइल आणली, जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातली. डॉकमध्ये चिकटवली तर नुसती चिन्हं. कन्व्हर्टरमधून काढल्यावर बाकी बरं होतं, 'त्र्यंबकेश्वर' मात्र पार मोडलेलं. सिंहस्थ २०२७ मध्ये, आणि लॉजच्या साइटवर हाच शब्द चुकला तर झालंच! शेवटी काकांना शेजारी बसवून डॉकचं व्हॉइस टायपिंग मराठीवर लावलं. ते बोलत गेले, वीस मिनिटांत तीन पानं. विरामचिन्हं मी घातली. खरं सांगायचं तर या आठ महिन्यांत सगळ्यात चांगला मजकूर असाच मिळाला.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो कालच्या मेसेजसाठी: "सर, फोल्डर उघडत नव्हता, व्हॉट्सअॅपवर ४२ फोटो टाकलेत, बघून घ्या." तेही डॉक्युमेंट म्हणून नाही, साधे. म्हणजे सगळे दाबून लहान केलेले, दर्जा गेलेला.