गर्भनिरोधक गोळ्यांचा खर्च: मेडिक्लेम, ईएसआयसी, सिव्हिल की मेडिकल?

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी पगाराची आणि विम्याची कागदपत्रं बघते. माझ्या टेबलाशी येणारे प्रश्न ठरलेले असतात. पीएफ कधी निघेल, सासूबाईंचं नाव पॉलिसीत घालता येईल का, डिस्चार्जची कागदं कुठे द्यायची. एक प्रश्न मात्र आजूबाजूला कुणी नसलं की मगच येतो. "मॅडम, त्या गोळ्यांचे पैसे मिळतात का हो?"

मागच्या वर्षी एकाच आठवड्यात दोघींनी हे विचारलं. एक पॅकिंग लाइनवरची. सातपूरला राहते, दोन मुलं, पगार अठरा हजार. दुसरी डिझाइन विभागातली, लग्नाला वर्ष झालेलं, घर गंगापूर रोडला, कंपनीचा पाच लाखांचा ग्रुप मेडिक्लेम. डिझाइनवालीला खात्री होती की एवढा मोठा विमा आहे म्हणजे गोळ्या त्यात बसतीलच. पॅकिंगवालीने "नाहीच मिळत असतील" असं धरूनच विचारलं होतं. निघालं नेमकं उलटं. म्हणून हा आढावा लिहायला घेतला. गोळ्या घ्यायच्या हे ठरलंय पण पैसे कुठून जातील याचा हिशेब लागत नाही, अशा बाईसाठी हा आहे.

मेडिक्लेमच्या कागदावर काय लिहिलंय

तुमची पॉलिसी काढा आणि 'अपवर्जने' किंवा 'एक्सक्लूजन्स' हे पान उघडा. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ साली आरोग्य विम्यातली न मिळणाऱ्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि प्रत्येक गोष्टीला क्रमांक दिला. त्यात कोड १७ शोधा. शीर्षक वंध्यत्वाचं आहे, त्यामुळे डोळा त्यावरून सरळ पुढे जातो. पण खाली पहिलीच ओळ आहे: कोणत्याही प्रकारचं गर्भनिरोधन आणि नसबंदी. म्हणजे गोळ्या, तांबी, इंजेक्शन, ऑपरेशन सगळंच बाहेर. २०२० पासून सगळ्या कंपन्यांकडे मिळणाऱ्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीतही हेच आहे.

लगेच खाली कोड १८ आहे, बाळंतपणाचा. तोही वाचा. प्रसूतीचा खर्च, अपघाताशिवाय झालेला गर्भपात आणि कायदेशीर गर्भपात, हे सगळं त्यात वगळलेलं असतं. सुटका फक्त गर्भनलिकेत वगैरे, गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भाला. मॅटर्निटीचं कव्हर वेगळं घेतलेलं असेल किंवा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत घातलेलं असेल तरच प्रसूती मिळते. दिवस राहू नयेत म्हणून होणारा खर्च नाही आणि राहिले तर होणारा खर्चही नाही, हे दोन कोड एकाखाली एक वाचले की कळतं. मला यात अन्याय दिसतो आणि तो मी विचारणाऱ्या प्रत्येकीला स्पष्ट सांगते, कारण अंधारात राहिलं की नुकसान तिचंच होतं.

दुसरी अडचण म्हणजे मेडिक्लेम मुळात भरती झालेल्या रुग्णासाठी असतो. महिन्याच्या महिन्याला मेडिकलमधून घेतलेलं औषध ओपीडी खर्चात, म्हणजे भरती न होता झालेल्या खर्चात, येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्याकडूनही या गोळ्यांची अपेक्षा ठेवू नका, त्यांची पॅकेजेस रुग्णालयातल्या उपचारांची आहेत.

मग ओपीडी रायडर, म्हणजे जास्तीचा हप्ता भरून पॉलिसीला जोडलेलं ओपीडीचं कव्हर, घ्यावा का? हिशेब करून बघा. समजा रायडरचा हप्ता वर्षाला ४,००० रुपये आणि मर्यादा १०,००० रुपये. गोळ्यांचं पाकीट समजा ३०० रुपयांचं. वर्षाला पाकिटं तेरा लागतात. चक्र अठ्ठावीस दिवसांचं असतं, महिन्याचं नसतं, आणि बारा धरणाऱ्या बायकांचं बजेट दिवाळीनंतर हमखास चुकतं. तेरा गुणिले तीनशे म्हणजे ३,९००. रायडरने गोळ्या दिल्या असं धरलं तरी त्या एका कारणासाठी तुम्ही शंभर रुपये जास्तच भरले. आणि रायडरच्या अटींतही कोड १७ लागू ठेवलेला असेल तर गोळ्यांपुरती परतफेड शून्य. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, हप्ता हलका झाला, म्हणून एजंट आता रायडर जोरात सुचवतात. घरात मधुमेह, थायरॉइड, लहान मूल असेल तर घ्या, त्याचा उपयोग होतो. फक्त गोळ्यांसाठी घेऊ नका.

जिथे दार थोडं उघडतं

तीच गोळी पीसीओडी (बीजकोशांचा, पाळी अनियमित करणारा त्रास), अतिरक्तस्राव किंवा एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी बाहेर वाढण्याचा आजार) दिली असेल तर ती गर्भनिरोधन राहत नाही, उपचार होते. अशा वेळी ओपीडी कव्हर असलेल्या पॉलिसीत दावा करता येतो. मात्र चिठ्ठीवर निदान लिहिलेलं हवं. आमच्याकडच्या एका मुलीचा, तिच्या स्वतःच्या पॉलिसीवरचा, दावा परत आला, कारण डॉक्टरांनी चिठ्ठीवर फक्त गोळीचं नाव आणि "३ महिने" एवढंच लिहिलं होतं. विमा कंपनीने गोळी बघितली आणि कोड १७ लावला. त्या मुलीचा सोनोग्राफी रिपोर्ट आणि निदानासह नवी चिठ्ठी जोडून पुन्हा पाठवला, तेव्हा मंजूर झाला. निदान खरं असेल तरच हे करा. खोटं निदान लिहून घेतलं तर पुढे मोठ्या दाव्याच्या वेळी तेच कागद अंगाशी येतात.

बिलाचंही तसंच. कॉलेज रोडवरच्या मेडिकलमधून आणलेलं एक बिल माझ्या टेबलावर आलं होतं, नावाच्या जागी "मॅडम". गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून दिल्या होत्या, आणि नाव विचारायला दुकानदाराला अवघड वाटलं असावं. त्या बिलाचा उपयोग शून्य. पूर्ण नाव, तारीख, औषधाचं नाव, बॅच नंबर आणि डॉक्टरांचं नाव असलेलं बिल मागून घ्या.

आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाही. फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराच्या एकाच पॉलिसीत, दावा टाकला की मेसेज पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाइलवर जातो. नवरा असो, वडील असोत. गोळ्या घेता हे घरात सांगायचं की नाही, हा तुमचा निर्णय आहे. तो एसएमएसने परस्पर होऊ नये. ज्यांना हे गुप्त ठेवायचं आहे त्यांना मी दावा न टाकण्याचाच सल्ला देते, पैसे मिळणार असले तरी.

पॉलिसी नवीन असेल तर सोबत 'ग्राहक माहिती पत्रक' मिळतं. ते कंपनीकडे मराठीत मागता येतं, मागा. वाचून पटलं नाही तर पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. दावा चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. नाशिकसाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे.

सातपूरचं कार्ड

आता पॅकिंगवालीकडे येते. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होते. तिच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि कारखाना ३.२५ टक्के भरतो. अठरा हजारांवर तिचे १३५ रुपये, आमचे ५८५. दर महिन्याच्या पगारचिठ्ठीवर ती कपात तिला दिसत होती, पण तिच्या लेखी ते "कापले जाणारे पैसे" होते. त्यात ओपीडी, औषधं, तपासण्या आणि कुटुंबनियोजनाची सेवाही येते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही, याची मला खंत वाटते.

ईएसआयसीत ओपीडीवर वेगळी मर्यादा नाही, कागद फिरवायचे नाहीत, आणि विमाधारक कामगार पुरुष असेल तर त्याच्या बायकोलाही हक्क आहे. ईएसआयसीचं ई-पहचान कार्ड घेऊन त्यांच्या दवाखान्यात जायचं, मोठं काही असेल तर सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात. पगार वाढून एकवीस हजारांच्या वर गेला तरी कार्ड त्याच दिवशी बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन कालखंड असतात. चालू कालखंड संपेपर्यंत कपात आणि लाभ दोन्ही चालू राहतात.

वाईट बाजूही सांगते. वेळ जातो. रांगेत अर्धा दिवस, म्हणजे कधीकधी अर्धा दिवस पगार. आणि मिळते ती तिथल्या साठ्यातली गोळी. बाहेरच्या डॉक्टरांनी एखादा खास ब्रँड दिला असेल तर तोच मिळेल असं धरून जाऊ नका.

सिव्हिल, महापालिका आणि आशाताई

विम्याचा विचार करताना हा पर्याय लोकांच्या डोक्यातच येत नाही, आणि माझ्या मते बहुतेकींसाठी पहिला विचार याचाच व्हावा. सिव्हिलमध्ये, महापालिकेच्या बिटको, झाकीर हुसेन, इंदिरा गांधी या रुग्णालयांत आणि शहरी आरोग्य केंद्रांत कुटुंबनियोजनाची साधनं मोफत असतात. माला-एन ही गोळी, आठवड्याची छाया, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आणि तांबी. कार्ड नको, हप्ता नको, दावा नको. गावात आशाताई घरपोच देतात, गोळ्यांच्या पाकिटाला एक रुपया घेऊन.

फुकटची गोळी हलकी, असा समज फार घट्ट आहे. माला-एनच्या पाकिटात एकवीस गोळ्या संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) आणि सात लोहाच्या. रचना लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिलएस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅम. मेडिकलमध्ये अनेक कंपन्यांची हीच रचना पैसे देऊन मिळते. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, आकडे जुळवा.

छायामध्ये संप्रेरकं नाहीत, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या बाईला ती चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. पण पीसीओडी असेल किंवा नुकतीच कावीळ होऊन गेली असेल तर छाया घ्यायची नाही. फुकट आहे म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका, एवढ्यासाठी हे लिहिलं.

मेडिकलमधून स्वतःच्या पैशाने

इथे फरक पडतो तो रचनेने. वर सांगितलेली लेव्होनॉर्जेस्ट्रेलची रचना राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे तिच्यावर सरकारची कमाल किंमत लागू होते. ड्रॉस्पिरेनोनसारख्या नव्या रचना त्या यादीत नाहीत आणि तिथे कंपन्यांच्या दरात मोठी तफावत असते. म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच: "मला हीच रचना का?" मुरुम, अंगावर येणारी सूज, पाळीतला त्रास अशी कारणं असतील तर महाग गोळी योग्य आहे. कारण नुसतं "ही नवीन आहे" एवढंच असेल तर साधी चालेल का, हे स्पष्ट विचारा. महाग गोळीच हवी असेल तर ब्रँडऐवजी रचना कागदावर लिहून घ्या, जनऔषधी केंद्रात आणि गोळे कॉलनीतल्या दुकानांत दर विचारा. गर्भनिरोधकांवर जीएसटी शून्य आहे, तो बिलावर लागलेला दिसला तर हटकायचं.

आणि हे सगळं ठरवण्याआधी रक्तदाब मोजून घ्या. पस्तिशीनंतर धूम्रपान, डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी अर्धशिशी, पूर्वी पायात झालेली रक्ताची गुठळी, वाढलेला रक्तदाब, यांपैकी काही असेल तर दोन संप्रेरकांची गोळी तुमच्यासाठी नाही, ती फुकट मिळो की विम्यातून. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळीचा असर कमी होतो. हे डॉक्टरांना आपणहून सांगा, दरवेळी विचारतातच असं नाही.

दोघींनी काय केलं

पॅकिंगवालीने कार्ड चालू करून घेतलं, पण रांगेचा हिशेब बघून गोळ्यांऐवजी अंतरा निवडलं. वर्षातून चारच फेऱ्या, आणि सुईची तारीख तिने लाइनच्या शिफ्ट कॅलेंडरवर एका छोट्या फुलीने लिहून ठेवली आहे. ती फुली कशाची, हे तिला आणि मलाच माहीत.

डिझाइनवालीला ड्रॉस्पिरेनोनची गोळी मुरुमांसाठीही दिलेली होती. आमच्या ग्रुप पॉलिसीला ओपीडी नाही, त्यामुळे तिला कंपनीकडून काही मिळालं नाही. तिने डॉक्टरांना वरचा प्रश्न विचारला. त्यांनी तीन महिने तीच चालू ठेवून मग साध्या रचनेवर येऊन बघू, असं सांगितलं. आता ती एका वेळी तीन पाकिटं आणते आणि शेवटचं उघडलं की त्याच दिवशी पुढची तीन मागवते. मध्यंतरी एकदा दुकानात तिची गोळी चार दिवस आलीच नव्हती, आणि त्या चार दिवसांची धास्ती तिने मला जशी सांगितली त्यावरून तीन पाकिटांचा हा नियम आता मीही प्रत्येकीला सांगते.

पुढच्या नूतनीकरणाला ग्रुप पॉलिसीत ओपीडी घ्या आणि कोड १७ च्या यादीतून गर्भनिरोधन काढून टाकायला सांगा, असं पत्र मी व्यवस्थापनाला दिलं आहे. ग्रुप पॉलिसीच्या अटी बोलून ठरवता येतात, वैयक्तिक पॉलिसीत ती सोय नसते. तुमच्या कंपनीत नूतनीकरण मार्चअखेर होत असेल तर एचआरला जानेवारीतच भेटा, कोटेशन मागवून झाल्यावर कुणी ऐकत नाही.