एसडब्ल्यूआय सिक्वेन्स: शिरा झकास, कपाळामागे मात्र भगदाड

मेंदूच्या एमआरआयला साध्या टी-टू-स्टारऐवजी (रक्ताचे डाग दाखवणारा नेहमीचा सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनची पद्धत) एसडब्ल्यूआय (ससेप्टिबिलिटी वेटेड इमेजिंग, तेच काम जास्त बारकाईने करणारा) लावावा का? 3 टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) यंत्र असेल तर जरूर लावा. मात्र फेजच्या (सिग्नल तालात किती पुढे-मागे आहे ते दाखवणाऱ्या) प्रतिमा पॅक्सवर (रुग्णालयाच्या प्रतिमासाठ्यात) जाणार असतील तरच. नुसत्या मिनआयपीवर (अनेक कापांतले सर्वांत काळे बिंदू एकत्र दाखवणारी प्रतिमा) अर्धीच माहिती हाती लागते.

ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन आणि जुन्या रक्तस्रावातलं हिमोसिडेरिन आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र किंचित विस्कटतं. एकाच व्हॉक्सेलमधल्या (प्रतिमेचा सर्वांत लहान ठोकळा) प्रोटॉनांचा ताल त्यामुळे सुटतो आणि सिग्नल पडतो. स्पिन एको या प्रकारच्या स्कॅनमधला 180 अंशांचा पल्स ही गडबड बरीचशी निस्तरतो. ग्रेडिएंट एकोत (टी-टू-स्टार आणि एसडब्ल्यूआय याच प्रकारचे) तो नसतो, म्हणून डाग दिसतात. एसडब्ल्यूआय त्या प्रतिमेला फेजचा मास्क (फेजवरून बनवलेला गडद-फिकट नकाशा) साधारण चार वेळा गुणतो आणि बारीक शिराही उठून दिसतात.

3 टेस्लाला टीई (पल्सपासून सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) 20 मिलिसेकंद, टीआर (दोन पल्समधला वेळ) 28च्या आसपास, फ्लिप अँगल (पल्स प्रोटॉनांना किती कलवतो तो कोन) 15 अंश, काप 2 मिमी. 1.5 टेस्लावर तेवढाच फेजचा फरक हवा तर टीई 40 लागतो. टीआर वाढतो, वेळ लांबतो आणि पेशंट हलतो.

खरी रड सायनसपाशी आहे. हवा आणि ऊतींच्या ससेप्टिबिलिटीत (चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देण्याचं प्रमाण) 9 पीपीएमहून (दहा लाखांत नऊ भाग) जास्त फरक असतो. 3 टेस्लाला 1 पीपीएम म्हणजे सुमारे 128 हर्ट्झ, आणि 20 मिलिसेकंदांत दर 50 हर्ट्झला फेजचा एक पूर्ण फेरा होतो. फ्रंटल सायनसच्या वर आणि कानाच्या हाडाजवळ फेज इतकी गुंडाळली जाते (पूर्ण फेऱ्यानंतर पुन्हा शून्यापासून मोजली जाते) की ती सपाट करणारा फिल्टर हात टेकतो. खोटे पट्टे उरतात. काप पातळ केला की तिथलं सिग्नल नसलेलं भोक आक्रसतं, सिग्नलही घटतो. टीई उतरवला तर शिरा फिकटतात.

डागाची मापं इथे घेऊ नका. टीई वाढला की तोच ठिपका फुगतो.

कॅल्शियम आणि रक्त दोन्ही काळेच दिसतात. फरक फेजमध्ये, तिथे चिन्हं उलटी. पण कोणतं पांढरं हे यंत्राच्या कंपनीनुसार बदलतं. त्याच स्कॅनमधल्या पिनियलच्या (मेंदूच्या मध्यातली ग्रंथी) कॅल्शियमशी ताडून पाहा. डाग मोठा असेल तर फेज आतच गुंडाळते आणि ही तुलना फसते. तिथे सीटीच बघावा.