स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा: स्तनतपासणी सेवेचा अनुभव

माजी क्रिकेटपटू युवराज सिंग यांचे यूवीकॅन फाउंडेशन आणि राज्याचे आरोग्य खाते यांनी 2021 मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमात आरोग्य केंद्रांवर स्त्रियांची स्तनतपासणी मोफत होते. सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मावशीसोबत मी या तपासणीला गेले होते. संस्थेने मोठी इमारत उभारण्याऐवजी सरकारी केंद्राच्या हाती उपकरण दिले, हा निर्णय मला विशेष पटला, कारण वाळपईच्या पलीकडे राहणारी स्त्री केवळ शंकेपोटी एक दिवसाची मजुरी बुडवून बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या (गोमेकॉ) इस्पितळात जाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आयब्रेस्ट नावाचे हे हातात मावणारे उपकरण त्वचेवर हलके दाबून ऊतींच्या कठीणपणातील फरक टिपते. त्यात क्ष-किरण नसतात, वेदना होत नाहीत आणि काही मिनिटांतच काम संपते. मात्र हे निदान नव्हे. संशय आल्यास मॅमोग्राफी (स्तनाची क्ष-किरण तपासणी), सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी (ऊतीचा नमुना काढून तपासणे) करावीच लागते, आणि त्यासाठी गोमेकॉ गाठण्यावाचून बहुतेकींना पर्याय नसतो.

परिचारिकेने मावशीला कोकणीत, न घाईगडबड करता सगळे समजावले. आडोशाला मात्र एकच पातळ पडदा होता आणि बाहेरच्या रांगेत पुरुषही बसलेले होते. लाजेमुळेच तपासणी टाळणाऱ्या बायकांसाठी ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने मात्र तरीही जावे.