बॅलीचं 'फायरबॉल' पिनबॉल (1972): आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिने जवळजवळ रोज दोन-तीन डाव खेळल्यावर लिहितोय. पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या पटावर धातूचा चेंडू दांड्यांनी मारत खेळवत ठेवायचा खेळ. मी शिकागोजवळ राहतो, आणि बॅली कंपनीचं हे यंत्रही शिकागोचंच. रचना टेड झेल यांची, चित्रं डेव्ह क्रिस्टेन्सेन यांची. बॅकग्लासवर (यंत्राच्या मागच्या उभ्या चित्रकाचेवर) आगीचा देह असलेला राक्षस गोळे फेकतोय. तळघरातले दिवे मालवून त्याच्याकडे नुसतं बघत बसलो तरी वेळ जातो.

पण जीव आहे तो मधोमध फिरणाऱ्या तबकडीत. नेम धरून मारलेला चेंडू तिच्यावर गेला की भलतीकडेच भिरकावला जातो. पहिला महिना मला हा अन्याय वाटायचा. आता कळतंय की इथे मारण्याइतकंच झेलणं महत्त्वाचं. ओडिन आणि वोटन (एकाच देवाची दोन नावं) अशा दोन जागी चेंडू अडकवून ठेवता येतात. ते सुटले की तीन चेंडू, फिरती तबकडी आणि आपले दोनच हात! मध्येच दोन्ही फ्लिपर (चेंडू मारायच्या दांड्या) सरकून एकमेकांना चिकटतात, मधली फट बुजते, तेव्हा कुठे श्वास घेता येतो.

यात मायक्रोचिप नाही. सगळा हिशेब रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच), कॉइल आणि एक मोटर करते, आणि तो ऐकू येतो. पाचशे गुण मिळाले की यंत्र शंभर-शंभर करत पाचदा मोजतं. माझे बाबा टेलिफोन खात्यात होते. पहिला डाव चालू असताना त्यांनी यंत्राकडे पाठ केली, कान दिला आणि म्हणाले, "अरे, हे तर आपलं जुनं एक्स्चेंज!"

तिसऱ्या महिन्यात गुण दाखवणारं शेकड्याचं चाक अडकलं. विकणाऱ्याने "सगळं दुरुस्त केलंय" असं सांगितलं होतं, पण आतले कॉन्टॅक्ट (वीज जोडणाऱ्या पत्त्या) काळे पडलेले होते, वर कुणीतरी तेल फवारलेलं. रिलेला तेल कधीही लावू नका, त्यावर धूळ बसून चिकटा होतो. बाबांनी बारीक कानशीने एकेक पत्ती घासली, फट डोळ्यांनी जोखून वाकवली. दोन संध्याकाळी गेल्या. तेव्हापासून चाक एकदाही चुकलेलं नाही.

तबकडीच्या कडेचा रंग उडालाय, मोटरची घरघर वरच्या मजल्यापर्यंत जाते, आणि महिन्यातून एकदा तरी काच काढून आत हात घालावा लागतो. ज्यांना हे काम नकोसं वाटतं त्यांनी घेऊ नये. मी विकणार नाही.

बाबा पुढच्या आठवड्यात साताऱ्याला परततायत. वायरिंगच्या आराखड्याची झेरॉक्स त्यांनी कालच मागून घेतली.