डोअर्सचा पहिला अल्बम: जुना मिक्स की 2006 चा?

डोअर्स या अमेरिकन रॉक बँडचा 1967 चा पहिला अल्बम घ्यायचा म्हटलं की प्रश्न येतो, कुठला? एक मूळ स्टीरिओ मिक्स (म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवून केलेली आवृत्ती), एलपीवरचा आणि जुन्या सीडींवरचा. दुसरा 2006 मध्ये नव्याने केलेला. तो केला ब्रूस बॉटनिकने, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्याच इंजिनिअरने. त्यामुळे परक्याने हात घातला, अशी तक्रार करायची सोय नाही.

माझ्याकडे बरीच वर्षं जुनी सीडी होती आणि तिच्याशी माझं काही वाकडं नव्हतं. मग एका पावसाळ्यात 'लाइट माय फायर'मधल्या लांबलचक ऑर्गनच्या तुकड्याबरोबर पेटी वाजवायला बसलो. सगळा सोलो ए मायनर आणि बी मायनर या दोनच कॉर्डवर फिरतो. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौघांच्या बँडवरून ही कल्पना सुचल्याचं डोअर्सवाल्यांनीच सांगितलंय, आणि त्यांचा ड्रमर डेन्समोर ऐकला की ते पटतंही. मला वाटलं, सोपं आहे, पांढरी सहा धरली की झालं. पण सूर लागेना! पांढरी सहा चढी वाटे, काळी चार उतरलेली. तासभर मी पेटीलाच दोष देत होतो.

दोष पेटीचा नव्हता. त्या स्टीरिओ मिक्समध्ये हे गाणं साधारण साडेतीन टक्के संथ चालतं, त्यामुळे त्याचा सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. गंमत म्हणजे तेव्हाच्या 45 च्या सिंगलवर (छोट्या तबकडीवर) वेग बरोबर होता, पण रेडिओसाठी त्यातला सोलोच कापलेला. म्हणजे सूर हवा तर सोलो नाही, सोलो हवा तर सूर नाही. 2006 च्या मिक्समध्ये वेग दुरुस्त झाला आणि माझी पेटी पहिल्याच फटक्यात जुळली.

बाकी फरक आवडीनिवडीचे. 'ब्रेक ऑन थ्रू'मध्ये पूर्वी गाळलेला 'हाय' (high, नशेत) हा शब्द नव्यात परत आलाय. माझ्या कानाला ती जुनी फटच इतकी सवयीची, की शब्द आला की अजून दचकायला होतं. आणि 'दि एन्ड'मधली ती तंबोऱ्यासारखी घुमणारी गिटार मला जुन्यात जास्त धूसर, जास्त लांबून आल्यासारखी वाटते. कदाचित वाढत्या वयाचा परिणाम असेल. साठच्या दशकातल्या लोकांनी जे ऐकलं तेच ऐकायचं असेल, तर जुना मिक्स घ्या, मी वाद घालणार नाही.

पण घरात एखादं वाद्य असेल आणि कधीतरी सोबत वाजवायची हुक्की येत असेल, तर नवाच बरा, असं आपलं माझं मत. जुनी सीडी मी भाच्याला देऊन टाकली. तो गिटार वाजवतो, तारा उतरवून घेईल.