झाड घेण्याआधी पाहावे असे ठिकाण: मिनेसोटा लँडस्केप आर्बोरेटम

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस शहराच्या नैर्ऋत्येला, चॅन्हॅसनजवळ, मिनेसोटा विद्यापीठाचे हे वृक्षोद्यान आहे. 1958 साली स्थापन झालेला त्याचा परिसर आज 1,200 एकरांहून मोठा आहे. बहुतेक लोक तेथे वसंतातला बहर किंवा पानगळीआधीचे रंग पाहायला जातात. परंतु ज्या मराठी कुटुंबांनी या भागात नुकतेच घर घेतले आहे आणि ज्यांना अंगणात झाडे लावायची आहेत, त्यांनी तेथे आधी झाडांचे आकार पाहावेत, असे मी आग्रहाने सुचवेन.

नर्सरीत सगळीच रोपे कमरेएवढी दिसतात. कुंडीतला कोलोरॅडो निळा स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष मात्र पुढे 30 ते 60 फूट उंच आणि 10 ते 20 फूट रुंद होतो. त्याच्या खालच्या फांद्या जमिनीपर्यंत उतरतात, त्यामुळे तेवढी जागा कायमची त्याची होते. आर्बोरेटममधील थ्री-माइल ड्राइव्ह या वळणाच्या रस्त्याने गाडीतून किंवा पायी फिरताना सूचिपर्णी वृक्ष, ओक, मेपल आणि क्रॅबॲपल (छोट्या फळांचे सफरचंदाचे झाड) यांचे संग्रह लागतात, आणि नर्सरीतल्या रोपाच्या चिठ्ठीवर छापलेल्या आकड्यांचा अर्थ तेथे डोळ्यांना कळतो. आवडलेल्या झाडाच्या फांद्यांचा विस्तार पावलांनी अवश्य मोजावा, कारण मोकळ्या माळावर मोठे झाडही लहान भासते आणि घराच्या भिंतीशेजारी तेच अंगावर येते.

थंड प्रदेशात उंचीचा विचार उन्हासाठीही करावा लागतो. डिसेंबरच्या अखेरीस येथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 22 अंश वर असतो, म्हणून 30 फुटी झाडाची सावली सुमारे 75 फूट लांब पडते. सदाहरित झाड घराच्या दक्षिणेला लावले, तर ज्या ऋतूत ऊन सर्वांत हवे असते त्याच ऋतूत ते अडते आणि सावलीतल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ लवकर वितळत नाही. तेच झाड वायव्येला, घरापासून पुरेसे दूर लावले, तर बोचरा वारा अडवते. दक्षिणेला आणि पश्चिमेला पानझडी झाडे बरी; त्यांतही ‘बर ओक’ ही ओकची जात 60 ते 80 फुटांपर्यंत जाते, तेव्हा तिला खरोखर मोठे अंगणच हवे. लहान अंगणासाठी किंवा विजेच्या तारांजवळ सर्व्हिसबेरी, जपानी ट्री लायलॅक आणि क्रॅबॲपल ही साधारण 15 ते 25 फुटांची झाडे मला अधिक शहाणपणाची वाटतात.

या उद्यानाचा दुसरा मोठा लाभ म्हणजे तेथे उभे असलेले जुने झाड इथले कडक हिवाळे सोसूनच वाढलेले असते. कोणती झाडे कुठल्या थंडीत तगतील हे ठरवण्यासाठी अमेरिकी कृषी खात्याने केलेल्या 2023 च्या नकाशात मिनिआपोलिस परिसराचा बराच भाग 5ए विभागात येतो, म्हणजे तेथील वार्षिक नीचांकी तापमानाची सरासरी उणे 29 ते उणे 26 अंश सेल्सिअस असते. अशा हवेत टिकणारी फळझाडे घडवण्यात या विद्यापीठाचे काम मोठे आहे. 1991 साली बाजारात आलेले हनीक्रिस्प सफरचंद त्यांचेच.

जमल्यास दोनदा जावे: एकदा पाने नसताना, फांद्यांची ठेवण आणि सावलीची लांबी पाहण्यासाठी, आणि एकदा मे महिन्यात, क्रॅबॲपल फुलल्यावर. अंगणाची मापे आणि घराच्या दिशा कागदावर मांडून सोबत न्याव्यात.