मुक्कामी घोडा-प्रशिक्षक: मार्च ते जूनच्या कामाचा हिशेब

पाचपैकी चार. एक गुण का कापला ते पुढे येईलच.

वर्धा जिल्ह्यातल्या एका वावरावर तीन जनावरं: वरातीला जाणारी मारवाडी घोडी, सवारीचा काठेवाडी घोडा आणि पाठीवर खोगीर न चढलेला तीन वर्षांचा बछेडा. त्यांच्यासाठी हा अनुभवी प्रशिक्षक चार महिने शेतावरच राहिला. येऊन-जाऊन काम करणारे स्वस्त पडतात, पण ते घोडा फक्त पाठीवरून बघतात. मुक्कामी माणसाची खरी किंमत रात्री साडेनऊच्या फेरीत कळते. लीद पडली का, किती पडली, हौदातलं पाणी किती उतरलं, घोडी कुशीकडे वळून बघते का, पुढच्या पायाने जमीन उकरते का. पोटशूळ बहुतेक वेळा इथेच पकडला जातो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे सकाळपर्यंत थांबणं महागात पडतं.

आल्या दिवशी त्याने गव्हाणीतून सरकीची ढेप आणि गुरांचं तयार खाद्य काढून टाकलं. बरोबर केलं. सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य घोड्याला बाधू शकतं. गुरा-कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, ते तर थोड्या मात्रेतही घोड्याचं हृदय निकामी करतं. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, त्याने बंद केलं नाही, कमी केलं. नुसतं कुटार आणि वरून पाणी कमी, की पोट गच्च होणारच. साधारण 380 किलोच्या घोडीला रोज 8 किलो कोरडा चारा (मुख्यतः कडबा कुट्टी), 2 किलो दाणा तीन वेळांत वाटून आणि 30 ग्रॅम मीठ. भिजवलेला हरभरा, जव आणि गव्हाचा कोंडा, एवढाच दाणा. हा बदल एकदम नाही, दहा दिवसांत हळूहळू. मे महिन्यात पाणी दिवसाला 40 लिटरच्या वर जात होतं, आणि पाठीवरचं सगळं काम सकाळी सातच्या आत आटपलेलं असे.

बछेड्याचं काम बघण्यासारखं झालं. दोन आठवडे नुसती मोहरकी (तोंडावरची दोरी) घालून चालवणं. मग सात मीटरच्या दोरीवर गोल फिरवणं, वीस मिनिटं, दोन्ही बाजूंनी सारखंच. एकाच बाजूने फिरवलेला घोडा पुढे दुसऱ्या बाजूला वळायला कुरकुरतो. मग ढिल्या तंगावर (पोटाखालच्या पट्ट्यावर) खोगीर, मग पाठीवर आडवं पडून वजन देणं. स्वार बसला तो पाचव्या आठवड्यात. खोगीर उतरवलं की हा माणूस आधी घाम बघतो. सगळी पाठ ओली आणि खांद्यामागे रुपयाएवढा कोरडा डाग राहिला, तर खोगीर तिथे दाबतंय. दुर्लक्ष केलं की त्याच जागी आधी जखम होते, नंतर पांढरे केस उगवतात.

घोडीची काटेरी लगाम त्याने पहिल्याच आठवड्यात उतरवली. अशा लगामीला ओझ्याच्या जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1965 च्या नियमांपासून बंदी आहे, तरी वरातीत सर्रास दिसते. बँडची भीती घालवायला स्पीकर शंभर पावलांवर ठेवून रोज थोडा जवळ आणला. बिचकली की कालच्या जागेवर परत.

आता कापलेला गुण. घोडे तयार झाले, घरची माणसं झाली नाहीत. घोडी त्याच्या जिभेच्या टिचकीवर दुडकीला लागते, घरच्या स्वाराने टाच मारली तर मान उचलून उभी राहते. कोणत्या खुणेला काय करायचं हे त्याने ना कुणाला शिकवलं, ना कुठे लिहून ठेवलं. शेवटचे तीन आठवडे घरच्या माणसाने वर बसायचं आणि प्रशिक्षकाने खाली उभं राहायचं, हे ठरवतानाच बोलून घ्या. जूनमध्ये पाऊस लागल्यावर एक ढिलाईही दिसली. काळी माती खुराच्या तळातल्या खाचांत सिमेंटसारखी बसते, ती दिवसातून दोनदा कोरून काढावी लागते. संध्याकाळची पाळी चुकत गेली आणि काठेवाडीचा मागचा खूर वास मारू लागला. नालबंद सात आठवड्यांनी येतो, त्याच्या भरवशावर खूर राहत नाही.

असा माणूस ठेवताना सालदाराच्या मापाने मोजू नका. त्याला फवारणीला किंवा बंडी हाकायला लावलं, की सकाळचं काम बुडालंच म्हणून समजा. पंधरा दिवस परीक्षेचे, आठवड्याला एक सुट्टी, आणि लाथ लागली किंवा पडला तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे कागदावर घ्या. खोली तबेल्याला लागूनच द्या. रात्री घोड्याने पाय आपटला तर आवाज त्याच्या खाटेपर्यंत गेला पाहिजे.